पाचपैकी पाच, सहीशिक्क्यानिशी

माझ्या बी.कॉम.च्या पदवीच्या पुढच्या बाजूला एक विद्यापीठ आहे आणि मागच्या बाजूला दोन देशांची सरकारं. एकूण सात शिक्के. नोटरी, मंत्रालय, दिल्ली, वकिलात, आणखी कोण कोण. सगळ्यांनी मिळून असं मान्य केलं की उमाकांत दत्तात्रय शिराळकर हा इसम खरोखरच दुसऱ्या वर्गात पास झालेला आहे. त्यानंतर कुठे मला सौदीतल्या दम्मामच्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड विभागाची खुर्ची मिळाली. एकोणीस वर्षं त्या खुर्चीत बसून मी लोकांच्या आजारांच्या फायली सांभाळतो आहे. तेव्हा कागद म्हणजे काय आणि शिक्का म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला येऊ नये, असं माझं प्रामाणिक मत होतं. गेल्या जुलैपर्यंत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जेवणाच्या टेबलावर, आमच्या सानिकाने हातातला फोन माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “बाबा, केमिस्ट्रीत फाइव्ह आला.”

माझा घास हातातच राहिला. पाच! बारावीला चौऱ्याण्णव टक्के घेणारी मुलगी! पण अशा वेळी बापाने खंबीर राहायचं असतं. मी पाणी प्यालो आणि शांतपणे म्हणालो, “असू दे बाळा. परीक्षा म्हणजे काही आयुष्य नव्हे.”

“बाबा! आउट ऑफ फाइव्ह!”

नंदा, म्हणजे आमची पत्नी, आमटी वाढता वाढता इतकी हसली की वाटी बाजूला ठेवावी लागली. ती डायलिसिस विभागात सिस्टर आहे. दिवसभर गंभीर राहण्याचा पगार मिळतो, म्हणून उरलेलं हसू ती घरी आणते आणि ते बहुतेक माझ्यावरच खर्च होतं.

तर त्याचं असं आहे. अमेरिकेतली मुलं शाळेत असतानाच कॉलेजच्या दर्जाची एक परीक्षा देऊन टाकतात. तिला एपी म्हणतात. तिच्यात बरा आकडा आला, तर कॉलेज म्हणतं, ‘हा विषय तुला येतो, पहिल्या वर्षी पुन्हा शिकू नकोस,’ आणि त्या विषयाचं क्रेडिट देऊन मोकळं होतं. सानिका इथल्या भारतीय शाळेत सीबीएसईला होती, पण तिला ओहायोतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. म्हणून तिने घरच्या घरी अभ्यास केला आणि मे महिन्यात शेजारच्या खोबर शहरातल्या एका अमेरिकन शाळेत जाऊन केमिस्ट्रीचा पेपर दिला. हे क्रेडिट मिळालं तर चारऐवजी साडेतीन वर्षांत पदवी. आणि साडेतीन वर्षांनी मला साठ पूर्ण होतात. साठीला माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं, कॉन्ट्रॅक्टबरोबर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आणि मग खलास, सामान बांधून इस्लामपूर. मी नोकरीत असताना पोरगी पदवीधर होणार की मधेच मला तिला म्हणावं लागणार, ‘बाळा, आता तुझं तू बघ’? एवढा सगळा प्रश्न त्या एका पाचावर येऊन बसला होता.

आणि तो पाच मला काही केल्या समजत नव्हता.

“किती मार्कांना पाच मिळतात?” मी विचारलं.

“दे डोन्ट टेल यू, बाबा.”

“म्हणजे तुला किती मार्क पडले, ते तुलाच माहीत नाही?”

“नाही. फाइव्ह म्हणजे एक्स्ट्रीमली वेल क्वालिफाइड. साधारण सत्तर-पंच्याहत्तर टक्के असले तरी फाइव्ह येतो.”

“हे कुणाला सांगू नकोस,” मी म्हणालो.

मार्क नाहीत, टक्के नाहीत, नंबर नाही, मेरिट लिस्ट तर नाहीच. पेढे कशाच्या आधारावर वाटायचे? इस्लामपूरला आईला फोन केला, तर ती म्हणाली, “पाचात पाच? बालवाडीची परीक्षा होती व्हय रं, उमाकांता?” समोरच्या फ्लॅटमधल्या रईसा आपा हैदराबादच्या. त्या दारातूनच म्हणाल्या, “माशाल्ला, माशाल्ला! मगर भाईसाब, पर्सेंट कित्ता हुआ, सो तो बोलो?” मी हसून वेळ मारून नेली. आपांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की सत्तरच्या आसपास असणार, हे त्यांनी ओळखलं आहे.

राहता राहिले वरच्या मजल्यावरचे विश्वनाथराव सावर्डेकर. हे चिपळूणचे, एका तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर. यांचा मुलगा आर्यन कॅनडात शिकतो. आखातात असा नियम आहे की ज्याचा मुलगा परदेशात शिकतो, तो त्या परदेशावरचा तज्ज्ञ. आणि एका परदेशाचा तज्ज्ञ हा आपोआप सगळ्या परदेशांचा तज्ज्ञ असतो. विश्वनाथराव चहाला बसले, बशी उचलली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“अटेस्टेशन केलंत?”

माझ्या अंगावर काटा आला. हा विचार माझ्या मनात आधी यायला हवा होता.

“अहो, फोनवर आलाय निकाल,” नंदा म्हणाली. “अटेस्ट काय फोन करायचा?”

“वहिनी, फोनवर काय, काहीही येतं. आमच्या आर्यनच्या वेळी मी जन्मदाखल्यापासून पोलिओच्या डोसापर्यंत सगळं अटेस्ट केलं. एक कागद परत नाही आला.”

आर्यनच्या कॉलेजने ते कागद मागितले होते का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. विश्वनाथराव गेल्यावर सानिका माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाबा, ॲक्चुअली मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. शाळेतून—”

“सगळं होईल,” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू फक्त अभ्यास कर.”

“अभ्यास संपला, बाबा.”

“मग आराम कर.”

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या रंगीत प्रिंटरवर मी निकालाची प्रिंट काढली. एवढी मोलाची गोष्ट, म्हणून तिथल्या तिथे लॅमिनेटही केली. आमच्या पिढीत मौल्यवान कागदाचं हेच करतात. माझी दहावीची मार्कशीट लॅमिनेट आहे, लग्नपत्रिका लॅमिनेट आहे; नंदाचं म्हणणं असं की शक्य असतं तर मी तिलाही केलं असतं.

मग कार्यालयांच्या वाऱ्या सुरू झाल्या. दम्मामचा जुलै ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि समोर कार्यालय आहे की मशीद, हे दोन मिनिटं कळत नाही. मी पहिल्यांदा गेलो ते भारतीय वकिलातीची कामं करणाऱ्या केंद्रात. खिडकीतल्या मुलाने, मनीष नाव होतं त्याचं, माझा कागद उलटसुलट करून पाहिला.

“अंकल, ये तो अमेरिका का है.”

“हां.”

“अमेरिका का पेपर इंडिया कैसे अटेस्ट करेगा?”

“लडकी तो इंडिया की है,” मी म्हणालो. हा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. मनीषला तो वाटला नाही. पण मागे रांग वाढत होती, आणि माझ्यासारख्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणं त्याच्या जिवावर आलं असावं. त्याने माझ्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर एक शिक्का मारून दिला. तो कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मिळालेला शिक्का नाकारू नये.

संध्याकाळी विश्वनाथरावांनी निदान केलं. “तुम्ही उलट्या टोकाने गेलात. इथल्या सरकारला अरबी कळतं. आधी तरजमा करा, अरबी भाषांतर.”

“पण कागद अमेरिकेला जायचाय ना?” नंदाने विचारलं.

“जायचाय इथूनच ना, वहिनी?”

यावर नंदा गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे पटणं, असा मी बावीस वर्षं अर्थ काढत आलो आहे.

तरजम्याच्या ऑफिसात पांढऱ्या फेट्यातले एक सुदानी गृहस्थ होते. मी पोचलो तेव्हा नमाजाची वेळ होऊन शटर खाली आलं होतं. मी अर्धा तास बाहेर उभा राहिलो आणि आत गेलो तेव्हा एखाद्या नुकत्याच उकडलेल्या माणसासारखा दिसत असलो पाहिजे, कारण त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग कागद मागितला. लॅमिनेशनवरून बोट फिरवून त्यांनी खेदाने मान हलवली. तरी माझ्या आग्रहाखातर एक शिक्का मारून पाहिला. तो प्लास्टिकवर क्षणभर थांबला, मग ओघळला, आणि पुसायला गेलेल्या माझ्या अंगठ्यावर उमटला. त्या दिवशी साक्षांकित झाला तो माझा अंगठा.

घरी येऊन मी कात्रीने लॅमिनेशन सोलायला बसलो. प्लास्टिक निघालं, पण त्याच्याबरोबर तो पाचही निघाला. सानिका शेजारी बसून बघत होती. “बाबा, दुसरी प्रिंट काढा ना. कितीही काढता येतात.”

“मूळ प्रत ती मूळ प्रत.”

“पण मूळ प्रत कॉम्प्युटरमध्ये आहे! आणि बाबा, ते महत्त्वाचंच नाही. माझं प्रॅक्टिकलचं—”

“सानिका, मी करतोय ना?”

ती उठून आत गेली. मला वाटलं, मुलीला बापाचे कष्ट बघवले नाहीत.

दुसरी प्रिंट घेऊन मी पुन्हा सुदानी गृहस्थांकडे. या वेळी त्यांनी मला ओळखलं. “अहलन! मुलीचं नाव काय?” मी सांगितलं. “या, या, अबू सानिका!” ते म्हणाले.

अरब लोक माणसाला अबू, म्हणजे अमक्याचा बाप, अशी त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, हे मला एकोणीस वर्षं ठाऊक होतं. पण मला तशी हाक कुणी कधी मारली नव्हती. हॉस्पिटलात मी मिस्टर उमा. येत्या चौदा ऑगस्टला सानिका जाणार होती. दम्मामलाच जन्मलेली मुलगी, पण एकदा शिकायला गेली की तिचा इथला इकामा किती दिवस टिकवता येईल, याची खात्री नव्हती. पुढे ती सुट्टीला घरी येणार ते कुठल्या घरी, हेही आम्हाला धड माहीत नव्हतं. सानिकाचा बाप म्हणून या शहरात माझे किती दिवस उरलेत, असा विचार आला आणि मी घाईघाईने म्हणालो, “उस्ताद, दोन शिक्के मारा.”

त्यांनी मारले. सुंदर, गोल, निळे. मी तृप्त होऊन अरबी तरजमा घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एचआरमधल्या नबीला मॅडमना दाखवला. त्यांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला.

“मिस्टर उमा, याच्या शेवटी काय लिहिलंय, तुम्हाला माहीत आहे?”

इंग्रजी प्रिंटच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. मी ती इतके दिवस वाचली नव्हती. सुदानी गृहस्थांनी मात्र आपल्या व्यवसायाला जागून तिचाही तरजमा केला होता, आणि तो साध्या, ठसठशीत अक्षरांत. ‘हा कागद विद्यार्थ्याच्या माहितीपुरता असून अधिकृत नाही.’ नेमका त्याच ओळीवर शिक्का बसला होता. म्हणजे माझा कागद अधिकृत नाही, हे आता अधिकृतपणे सिद्ध झालं होतं.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण शिक्क्यांचं असं आहे की तीन मिळाले की चौथा सोडवत नाही. नबीला मॅडमनी दया येऊन, मी सानिकाचा बाप आहे, असं हॉस्पिटलच्या कागदावर लिहून शिक्का दिला. त्या शिक्क्याखालची सही खरी आहे, म्हणून गुरफ्यात, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्समध्ये, आणखी एक. खोबरच्या त्या अमेरिकन शाळेत गेलो, तर तिथल्या बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे शिक्का नाही. शाळा आहे आणि शिक्का नाही! मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. बाई प्रामाणिक वाटल्या. मग त्यांनी परीक्षेला हजर होती एवढं पत्र दिलं आणि मी फार खिन्न दिसलो म्हणून त्यावर लायब्ररीचा शिक्का मारला. सहा झाले. माझ्या पदवीवर सात आणि मुलीच्या निकालावर सहा, हे मनाला पटेना. शेवटी मी आपल्याच विभागाचा ‘प्राप्त’ असा शिक्का माझ्या हाताने मारला, तारीख टाकली आणि सगळं एका जाडजूड फाइलमध्ये लावलं. फाइल चार बोटं जाड झाली होती, कारण प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स.

तो दिवस होता अठ्ठावीस जुलै. विद्यापीठाची मुदत एकतीसची. मी फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “चला. पाठवा अमेरिकेला.”

नंदाने सानिकाकडे पाहिलं. सानिकाने फाइलकडे. “तू सांग,” नंदा म्हणाली.

“बाबा, स्कोअर पोचलाय.”

“कुठे?”

“युनिव्हर्सिटीत. कधीच. परीक्षेच्या आधीच एक कॉलेज सिलेक्ट करायचं असतं, तिथे स्कोअर आपोआप जातो. मी मे महिन्यात केलं.”

मी खुर्चीत बसलो. “परीक्षा द्यायच्या आधी निकाल पाठवलास?”

“पत्ता दिला, बाबा. निकाल नंतर गेला.”

“मग हे... हे सगळं...”

“मी सांगत होते,” ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. “दोन वेळा सांगत होते. त्यांना स्कोअर नकोय, स्कोअर त्यांच्याकडे आहे. त्यांना लॅब रेकॉर्ड पाहिजे. मी प्रयोग खरंच केलेत का, ते बघायला. प्रॅक्टिकलचं जर्नल! ते शाळेत जमा आहे, शाळा बंद आहे, आणि पालकाने स्वतः येऊन सही केल्याशिवाय ते देणार नाहीत. एवढंच हवं होतं मला तुमच्याकडून. जर्नल नाही गेलं तर क्रेडिट नाही.”

मी नंदाकडे वळून म्हणालो, “तू तरी बोलायचंस.”

“तुम्ही पुरतं ऐकता का कधी कुणाचं? रविवारी बोलायला घेतलं, तर तुम्ही अंगठा धूत होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच रजा टाकून मी आणि सानिका शाळेत गेलो. फाइल गाडीच्या मागच्या सीटवरच होती. ती घरात ठेवायला मला लाज वाटत होती आणि टाकायला जीव होत नव्हता. सगळे शिक्षक सुट्टीला भारतात. शाळेत उरले होते ते लॅब अटेंडंट भिकू मोहिते. हे गुहागरकडचे, घर गावी, दोन वर्षांतून एकदा सुट्टी, आणि हे साल बिनसुट्टीचं.

“जर्नलं?” वहीत माझी सही घेऊन ते म्हणाले. “हायत की. पन एक अडचन हाय सायब.”

त्यांनी आम्हाला प्रयोगशाळेत नेलं आणि कोपऱ्यातलं उंच लाकडी कपाट दाखवलं. कपाटाचा एक पाय मोडलेला होता आणि त्या जागी जर्नलांची चळत होती. खाकी कव्हरवर निळ्या शाईत नावं. वरून तिसरं आणि सगळ्यांत जाडजूड, सानिका यू. शिराळकर.

“पाय गेला तो परीक्षेनंतर. हातात काय गावलं ते लावलं. आत आसिड हाय,” भिकूभाऊंनी कपाटाकडे बोट दाखवलं. “जर्नल काढलं तर तेवढ्याच जाडीचं काय तरी घालाय लागंल. नायतर वरच्या बाटल्या खाली.”

आम्ही वस्तू शोधायला लागलो. वीट जास्त जाड. लाकडाची फळी पातळ. सानिकाने दोन डस्टर एकमेकांवर ठेवून पाहिले, ते दबले. भिकूभाऊंनी बोटांनी जाडी मोजली. “चार बोटं पायजे. आनि दबता कामा नये. कागदच बरा.”

सानिका खिडकीतून बाहेर गाडीकडे बघत होती. माझ्याही डोक्यात तेच आलं होतं, पण ते माझ्या तोंडून निघावं, एवढी माझी तयारी नव्हती. घड्याळ पुढे चाललं होतं. माझ्या नोकरीची साडेतीन वर्षं त्या कपाटाखाली अडकली होती आणि ती काढायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती. मी गेलो आणि फाइल घेऊन आलो.

भिकूभाऊंनी ती हातात घेऊन वजन पाहिलं. उघडून शिक्के पाहिले, आणि त्यांची मुद्रा बदलली. “सायब, ह्ये तर सरकारी कागद दिसतात.”

“अनेक सरकारांचे,” मी म्हणालो. “लावा.”

मी आणि सानिकाने खांद्याने कपाट रेटून धरलं, भिकूभाऊंनी जर्नल ओढलं आणि फाइल सारली. कपाट खाली आलं. एकही बाटली हलली नाही. माझ्या सात शिक्क्यांची फाइल तिथे इतकी मापात बसली की जणू मी तीन आठवडे तेवढ्याचसाठी उन्हात फिरत होतो.

घरी आल्यावर सानिका एकेका पानाचे फोटो काढू लागली. निरीक्षणं, तक्ते, आकडेमोड, खाली बाईंची सही. मधेच ती थांबली.

“बाबा, आकृत्या.”

मी वाकून पाहिलं आणि माझे कान गरम झाले. डिसेंबरात ती एपीचा अभ्यास करत होती, जर्नलच्या आकृत्या राहिल्या होत्या. आपल्याकडे मुलांचं जर्नल म्हणजे घरचं काम असतं. मीही पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो होतो. अकरा आकृत्या. छायाप्रकाशासकट. मला त्यांचा फार अभिमान होता, आजवर.

“अक्षर तर तुझं आहे,” मी म्हणालो. “आकृत्या कुणाच्या, हे कोण विचारतंय?”

“मी केलेलं काम म्हणून पाठवायचंय, बाबा. हे मी केलेलं नाही.”

“अगं, पण त्यामुळे क्रेडिट अडलं तर?”

“तर अडलं.”

तिने माझ्यादेखत ईमेलमध्ये लिहिलं, प्रयोग आणि नोंदी माझ्या आहेत, आकृत्या माझ्या वडिलांनी काढल्या आहेत. आणि बटण दाबलं. एवढंच. शिक्का नाही, सही नाही, पोचपावती नाही. एका बटणात माझी अब्रू ओहायोला गेली.

ते दोन दिवस मी सानिकाच्या फोनभोवती घुटमळत होतो. नंदाकडून बातमी कळलेले विश्वनाथराव जिन्यात भेटले आणि विचारू लागले, “आकृत्या अटेस्ट केल्यात का?” मी त्यांना प्रथमच उत्तर न देता घरात शिरलो. पोरीने रात्रंदिवस अभ्यास करून पाच मिळवला आणि मी प्रेमाने, कौतुकाने, पेन्सिलीला टोक करकरून त्याच्यावर पाणी ओतलं, हेच डोक्यात फिरत होतं. आणि तिने एका शब्दाने दोष दिला नव्हता, त्याने जास्तच लागत होतं.

एकतीसच्या संध्याकाळी उत्तर आलं. सानिकाने ते आधी स्वतः वाचलं. मग आईला दिलं. नंदा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. ती रडते आहे की हसते आहे, हे मला कळेना.

“वाच,” मी सानिकाला म्हणालो. “काय असेल ते वाच.”

तिने मराठी करून वाचलं. नोंदी नीट तपासल्या. निरीक्षणं उत्तम आहेत. प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार. केमिस्ट्रीचं पूर्ण क्रेडिट मंजूर. “आणि शेवटी प्रोफेसर म्हणतात,” सानिका थांबली, ओठ आवळले, “की पान एकतीसवरच्या ब्युरेटला तोटीच नाही. तेव्हा विद्यार्थिनीला पहिल्या वर्षाचा कोर्स माफ आहे, पण आकृत्या काढणाऱ्या गृहस्थांनी तो जरूर करावा.”

मी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, “ब्युरेट म्हणजे काय?”

सानिका माझ्या शेजारी येऊन बसली. पान एकतीस उघडलं. ही नळी, यात द्रव, तो थेंबाथेंबाने खाली सोडायचा, रंग बदलला की थांबायचं, म्हणून तोटी लागते, नाहीतर सगळं एकदम खाली येतं आणि काय झालं ते कळतच नाही. ती वीस मिनिटं बोलत होती. मी मधे एकदाही बोललो नाही. नंदा दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेली. बहुधा माझी तब्येत ठीक आहे ना, ते पाहायला.

चौदा ऑगस्टला सानिका गेली. ती प्रोफेसरांची ईमेल मी हॉस्पिटलच्या रंगीत प्रिंटरवर छापून घेतली आहे आणि घरी माझ्या पदवीशेजारी ठेवली आहे. लॅमिनेट मात्र केलेली नाही. उद्या कुठे शिक्का मारायची वेळ आली, तर?